भांडी घासणाऱ्या यंत्राच्या जनक जोसेफिन कॉक्रेन : जीवनचरित्र आणि घरी डिशवॉशर निवडताना घ्यायचा धडा



दिवाळी जवळ आली की बऱ्याच घरांत एक विषय निघतोच. यंदा डिशवॉशर घ्यायचा का? मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. किंमत किती, ऑफर काय, रंग कोणता, हप्ता कितीचा, हे सगळं आपण बारकाईने पाहतो. पण हे यंत्र कोणी बनवलं, कोणत्या अडचणीतून बनवलं आणि बनवताना त्या व्यक्तीने सर्वांत आधी काय केलं, हे सहसा कोणी पाहत नाही. खरं सांगायचं तर खरेदीचा सगळ्यात चांगला सल्ला तिथेच आहे.

आजच्या लेखात आपण जोसेफिन कॉक्रेन यांचे जीवनचरित्र पाहणार आहोत. त्यानंतर आपल्या घरासाठी डिशवॉशर निवडताना काय पाहावे आणि हा विषय वर्गात कसा घेता येईल, तेही पाहू. लेख थोडा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

जन्म आणि बालपण

जोसेफिन यांचा जन्म 8 मार्च 1839 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. पुढे हीच 8 मार्च तारीख जागतिक महिला दिन म्हणून ठरली, हा निव्वळ योगायोग; पण मुलांच्या लक्षात राहायला सोपा! त्यांचे माहेरचे आडनाव गॅरिस. वडील जॉन गॅरिस इंजिनिअर होते. आईच्या माहेरचे आडनाव फिच. अमेरिकेत वाफेची बोट चालवून दाखवणारे जॉन फिच हे याच घराण्यातले पूर्वज मानले जातात. म्हणजे यंत्रांच्या गोष्टी घरात नव्या नव्हत्या.

पण लक्षात घ्या, त्या काळात मुलींना इंजिनिअरिंग शिकवत नसत. जोसेफिन यांचे बालपण इंडियाना राज्यात गेले. तिथे त्या ज्या खासगी शाळेत जात होत्या ती शाळा आगीत जळाली. त्यानंतर त्यांना इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी बहिणीकडे राहायला पाठवलं. यंत्रशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यांना कधीच मिळालं नाही. हातात होती ती फक्त नीट पाहण्याची आणि मोजण्याची सवय.

विवाह आणि संसार

1858 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, जोसेफिन यांचे लग्न विल्यम कॉक्रन यांच्याशी झाले. विल्यम तरुणपणी सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला जाऊन आले होते. परतल्यावर त्यांनी कापडाच्या व्यापारात जम बसवला आणि स्थानिक राजकारणातही नाव मिळवलं. जोसेफिनबाईंनी आपल्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक जास्तीचं अक्षर लावलं आणि त्या कॉक्रनच्या कॉक्रेन झाल्या. नवऱ्याच्या नावात स्वतःचं एक अक्षर घालणारी ही बाई आहे, एवढं इथेच ओळखून ठेवा.

1870 च्या सुमारास हे कुटुंब मोठ्या घरात राहायला गेलं. पाहुण्यांच्या पंगती उठू लागल्या. घरात चिनी मातीचा एक उंची, पिढीजात संच होता. जेवणं झाली की नोकर भांडी धुवायचे आणि त्यात ताटल्यांच्या कडांचे टवके उडायचे. जोसेफिनबाईंना ते सहन होईना. त्यांनी भांडी स्वतःच धुवायला घेतली. थोड्याच दिवसांत त्यांना कळून चुकलं की हे काम कंटाळवाणं आहे आणि रोजच्या रोज संपूनही कधीच संपत नाही.

इथे आपण प्रामाणिक राहायला हवं. अनेक ठिकाणी ही गोष्ट अशी रंगवली जाते की त्यांना कष्टकरी बायकांचा कळवळा आला आणि त्यांनी यंत्र बनवलं. तसं नव्हतं. त्यांना चिंता होती ताटल्यांची. त्या घरात भांडी घासणाऱ्या बायका कोण होत्या, त्यांची नावं काय होती, हे या गोष्टीत कुठेच येत नाही. मुलांना चरित्र सांगताना आपण माणसाला देव करून टाकतो. त्यापेक्षा जसं आहे तसं सांगितलं तर मुलं जास्त विचार करतात.

संकट आले आणि छंदाचे काम झाले

यंत्राची कल्पना डोक्यात घोळत होती, तेवढ्यात 1883 साली विल्यम कॉक्रन यांचे निधन झाले. त्यांच्यामागे जोसेफिनबाईंच्या हाती पैसा फार थोडा राहिला, कर्ज मात्र बरंच होतं. वय 44. मोठं घर, समाजात नाव, आणि आत सगळं पोकळ. कालपर्यंत जी हौस होती, ती आता पोटापाण्याची गोष्ट झाली. यंत्र झालं पाहिजे आणि ते विकलं गेलं पाहिजे, त्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

भांडी घासायचं यंत्र करून पाहणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. 1850 साली जोएल हाउटन नावाच्या गृहस्थांनी लाकडी यंत्राचं पेटंट घेतलं होतं. हाताने चाक फिरवायचं आणि भांड्यांवर पाणी उडायचं. भांडी ओली व्हायची, स्वच्छ होत नसत. त्यानंतरही इतरांनी प्रयत्न केले, पण रोज वापरावं असं यंत्र कोणाकडून झालं नाही.

मग जोसेफिनबाईंनी वेगळं काय केलं?

त्यांनी आधी भांडी मोजली. आपल्या कपाटातली ताटली किती रुंद, बशी किती, कप किती उंच, हे सगळं मापून घेतलं. त्या मापाने तारेचे कप्पे वाकवले. ताटलीला ताटलीचा कप्पा, कपाला कपाचा, बशीला बशीचा. प्रत्येक भांडं आपल्या जागी उभं राहील, हलणार नाही, एकमेकांवर आपटणार नाही. टवके उडण्याचं दुखणं इथेच संपलं.

हे कप्पे एका आडव्या चाकावर बसवले आणि ते चाक तांब्याच्या मोठ्या हंड्यात ठेवलं. चाक फिरू लागलं की खालून साबणाचं गरम पाणी जोराने भांड्यांवर उडायचं. ब्रश नाही, घासणी नाही, फक्त पाण्याचा मारा. शेवटी स्वच्छ कढत पाण्याने भांडी खळबळायची. ती इतकी गरम असायची की बाहेर काढल्यावर आपोआप वाळायची.

आजच्या डिशवॉशरचं दार उघडून पाहा. तारेचे कप्पे तेच आहेत. पाण्याचा मारा तोच आहे. फरक एवढाच की तेव्हा भांडी फिरत होती आणि पाणी खालून येत होतं. आता भांडी जागेवर असतात आणि पाणी उडवणारे हात फिरतात. बागेतला पाणी शिंपडणारा फवारा जसा स्वतःच्याच धारेच्या धक्क्याने गरगर फिरतो, तसेच हे हात फिरतात. क्रिया आणि प्रतिक्रिया शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या.

पेटंट आणि कारखाना

हे यंत्र घरामागच्या लाकडं ठेवायच्या खोपटात तयार झालं. जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकने त्यांना मदत केली. याआधी काही जाणकार पुरुषांना काम सांगून पाहिलं होतं. पण बाईला यंत्रातलं काय कळतं, असं धरून ते आपल्याच पद्धतीने करायचे आणि जमलं नाही की मगच बाईंचं ऐकायचे. पैसे गुंतवणारेही तसेच. कंपनीचा कारभार पुरुषाच्या हाती द्या, मग पैसे देतो, अशी त्यांची अट. जोसेफिनबाईंनी ती अट मान्य केली नाही.

28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक 355139. तेव्हा त्यांचं वय 47 होतं. आता या वयात काय नवीन शिकायचं, असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा लिहून ठेवायला हरकत नाही.

खरी कसोटी पुढे होती. यंत्र विकायचं कुणाला? पहिली गिऱ्हाइकं मिळाली शिकागोच्या मोठ्या हॉटेलांत. पामर हाउस या हॉटेलने यंत्र घेतलं. त्यानंतर शर्मन हाउस या हॉटेलात त्या एकट्या गेल्या. आजवर वडिलांशिवाय किंवा नवऱ्याशिवाय कुठेही न गेलेल्या बाईला त्या हॉटेलच्या दिवाणखान्यातून एकटीने चालत जाणं यंत्र बनवण्यापेक्षाही अवघड वाटलं होतं. पाय लटपटत होते, पण परतताना हातात 800 डॉलरची ऑर्डर होती.

1893 चे शिकागो

शिकागो आणि 1893 म्हटलं की आपल्या प्रत्येकाला स्वामी विवेकानंद आठवतात. 11 सप्टेंबर 1893 चं त्यांचं भाषण आपण दरवर्षी परिपाठात सांगतो. ती सर्वधर्म परिषद ज्या भव्य जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, त्याच प्रदर्शनात जोसेफिनबाईंची यंत्रं होती! लाखो लोक प्रदर्शन पाहायला येत होते. त्यांच्या खाण्यापिण्याची उष्टी भांडी धुवायला कॉक्रेन यांची नऊ यंत्रं कामाला लागली होती. उत्तम रचना, टिकाऊपणा आणि कामाला योग्य असणं यासाठी त्यांच्या यंत्राला तिथे सर्वोच्च पारितोषिक मिळालं.

त्यानंतर हॉटेलांबरोबर रुग्णालयं आणि कॉलेजंही यंत्र घेऊ लागली. हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात भांडी धुतली जातात, हे रुग्णालयांना फार पटलं. 1898 च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कारखाना उघडला आणि त्याची जबाबदारी त्याच जॉर्ज बटर्स यांच्याकडे दिली. खोपटातल्या साथीदाराला त्या विसरल्या नाहीत.

पण घरातल्या बायकांनी ते का घेतले नाही?

हा या चरित्रातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. यंत्र घरातल्या अडचणीतून निघालं, पण घराघरांत गेलंच नाही. कारणं साधी होती. यंत्र मोठं आणि महाग. घरातल्या बंबात एवढं गरम पाणी नसायचं. बऱ्याच ठिकाणी पाणी जड, त्यात साबणाला फेसच येत नसे आणि भांड्यांवर पांढरा थर राहायचा. आणि एक कारण घरातल्या कारभाराचं. पैसे खर्च करायचा निर्णय पुरुषांच्या हाती, आणि भांडी तर बायको घासतेच आहे, तिच्या श्रमाला कुठे पैसे पडतात? मग यंत्र कशाला?

हे वाक्य शंभर वर्षांपूर्वीचं वाटतं का तुम्हाला? मला तरी नाही वाटत.

ऑगस्ट 1913 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, जोसेफिन कॉक्रेन यांचे निधन झाले. अगदी शेवटच्या वर्षांपर्यंत त्या कामात होत्या. 1926 साली होबार्ट या कंपनीने त्यांची कंपनी विकत घेतली. 1949 मध्ये किचनएड या नावाने त्यांच्या रचनेवर आधारलेला घरगुती डिशवॉशर बाजारात आला. घराघरांत यंत्र पोहोचायला सुरुवात झाली ती त्यानंतर. ते पाहायला त्या नव्हत्या. 2006 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक मानवंदना यादीत त्यांचे नाव घेण्यात आले.

आता आपल्या घरचा डिशवॉशर

वर सांगितलेली गोष्ट डोक्यात ठेवून पुढचे मुद्दे वाचा. दुकानात जाण्याआधी जोसेफिनबाईंनी केलं तेच करायचं आहे, आधी आपली भांडी मोजायची.

1) सेटचा आकडा फसवा असतो. जाहिरातीत 12 सेट, 14 सेट असं लिहितात. हा एक सेट म्हणजे एका माणसाच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या जेवणाची ताटल्या, कप, बशी, ग्लास, चमचे अशी भांडी. त्यात कढई नाही, कुकर नाही, पोळ्यांचा डबा नाही. म्हणून रात्रीच्या जेवणानंतरची आपल्या घरची सगळी भांडी एकदा ओट्यावर मांडा. सर्वांत मोठ्या पातेल्याची उंची आणि ताटाची रुंदी टेपने मोजा. ती मापं घेऊन दुकानात जा आणि खालच्या कप्प्यात ती बसतात का, वरचा कप्पा उचलून वर करता येतो का, ते स्वतः पाहा. जमलं तर घरचं एक ताट आणि कुकर पिशवीत घालून न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

2) पाणी कोणतं येतं? बोअरचं पाणी जड असतं. त्यातला चुना भांड्यांवर आणि यंत्राच्या आत बसतो. जोसेफिनबाईंच्या काळी यावर इलाज नव्हता, आज आहे. बऱ्याच यंत्रांत पाणी मऊ करणारा भाग असतो आणि त्यात डिशवॉशरचं वेगळं जाडं मीठ घालावं लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. हा भाग आहे का आणि आपल्या पाण्याप्रमाणे तो कमी-जास्त करता येतो का, हे विचारा.

3) गरम पाणी. तेव्हा घरच्या बंबावर अवलंबून राहावं लागे, आता यंत्र स्वतः पाणी तापवतं. तेलकट फोडणीच्या भांड्यांना 60 ते 70 अंशांचं पाणी लागतं. असा जोरदार धुण्याचा प्रकार यंत्रात हवाच.

4) आपली भांडी कशाची आहेत? स्टील, काच, चिनी माती बिनधास्त घाला. पण पितळ, तांबं, जर्मनची पातेली, बिडाचा तवा, लाकडी पोळपाट-लाटणं यात घालू नये. जर्मनची भांडी काळी पडतात, तवा गंजतो, लाकूड तडकतं. तुमच्या घरात निम्मी भांडी अशी असतील, तर निम्मं काम हातानेच राहणार. मग एवढा खर्च करायचा का, हे आधीच ठरवा.

5) जागा, नळ आणि वीज. पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची वाट ओट्याजवळ आहे का? दार पूर्ण उघडल्यावर माणूस मागून जाऊ शकतो का? धुणं दीड-दोन तास चालतं, तेवढा वेळ वीज सलग असते का? गावात दुरुस्ती करणारा मिळतो का? हे प्रश्न किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

6) पाण्याची बचत. बहुतेक नवीन यंत्रं एका वेळच्या धुण्याला साधारण 10 ते 12 लिटर पाणी घेतात. नळ सोडून घासलं तर यापेक्षा जास्त पाणी सहज जातं. पण यंत्र पूर्ण भरूनच लावलं तर ही बचत खरी. खरकटं आधी काढून टाका आणि आतली जाळी वरचेवर धुवा.

एक प्रश्न उरतो

आपल्याकडे अनेक घरांत भांडी घासायला ताई येतात. यंत्र आलं की त्यांचं काय? आपल्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या आया चार-पाच घरची धुणीभांडी करतात. त्या पैशातून वही येते, गणवेश येतो. जोसेफिनबाईंच्या गोष्टीत भांडी घासणाऱ्या बायका निनावी राहिल्या. आपल्या घराच्या गोष्टीत तसं होऊ नये असं मला वाटतं. यंत्र घेऊ नका, असं माझं म्हणणं नाही. कंबरदुखीने बेजार झालेल्या आईला ते मिळालंच पाहिजे. पण ताईंचं काम बंद करणार असाल, तर त्यांना महिनाभर आधी सांगा. भाजी निवडणं, पोळ्या, घराची साफसफाई असं दुसरं काम देता येतं का, ते पाहा. दुकानात घासाघीस करताना आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ या बोलण्याला दिला तरी पुरे.

वर्गात कसे घ्याल?

मापन : इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांना घरचं ताट, वाटी आणि पेला पट्टीने मोजून आणायला सांगा. त्या मापाने पुठ्ठ्याचा असा कप्पा बनवायला सांगा, ज्यात ताट उभं राहील आणि पडणार नाही. मुलं दोनदा चुकतील, तिसऱ्यांदा जमेल. तोच खरा पाठ.

गणित : घरात दिवसभरात किती भांडी धुतली जातात? आठवड्याची किती, वर्षाची किती? उत्तर फळ्यावर लिहा आणि थोडा वेळ तसंच राहू द्या.

विज्ञान : एका तेलकट वाटीत थंड पाणी, दुसरीत कोमट, तिसरीत कोमट पाणी आणि साबण. कुठलं तेल आधी सुटतं ते मुलांनी पाहावं. कढत पाणी मुलांच्या हाती देऊ नका.

परिसर अभ्यास : घरातली कामं कोण करतं, याचा तक्ता मुलांनी घरी बसून करावा. मात्र कोणाची आई दुसऱ्यांकडे भांडी घासते, असं वर्गात विचारू नका. कुठलंही मूल त्या प्रश्नाने खाली मान घालता कामा नये. त्याऐवजी तक्त्यातलं एक काम या आठवड्यापासून मी करीन, असं प्रत्येकाने ठरवावं. मुलांनीही आणि मुलींनीही.

पालकहो, डिशवॉशर घरात आला तरी त्यात भांडी रचणं, काढणं आणि जागेवर लावणं हे काम राहतंच. ते काम कोण करणार, हे यंत्र घरी येण्याआधीच सगळ्यांनी मिळून ठरवा. नाहीतर यंत्र नवीन आणि कामवाटणी जुनीच, असं व्हायचं.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेतल्या शिक्षकांना आणि पालकांना जरूर पाठवा. पुठ्ठ्याचे कप्पे वर्गात करून घेतलेत तर मुलांनी काय काय युक्त्या केल्या, तेही कळवा.